गुरं किती, हे विचारू नये

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातलं शेरिडन गाव मागे पडलं की बिगहॉर्नचे डोंगर अंगावर यायला लागतात. वायोमिंगमध्ये माणसांपेक्षा गुरं जास्त, हे वाचलं होतं. गाडी चालवताना पटलंही. जुलै असल्यामुळे सगळीकडे गवताच्या कापणीची धांदल आणि ओल्या अल्फाल्फाचा, म्हणजे लसूणघासाचा वास.

पैसे देऊन रँचवर, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या मळ्यावर, राहायची इथली पद्धत जुनी. ईटन नावाच्या तिघा भावांनी डाकोटात शहरी पाहुणे ठेवायला सुरुवात केली आणि 1904 मध्ये बिऱ्हाड इकडे वुल्फ क्रीकच्या काठी हलवलं. त्यांची ड्यूड रँच अजून चालू आहे. (ड्यूड म्हणजे घोड्याच्या कुठल्या बाजूने चढायचं हेही ठाऊक नसलेला शहरी पाहुणा. थोडक्यात, आम्ही.) पूर्वेकडून आलेली पाहुणी आणि तिला घोड्यावर बसवणारा काऊबॉय यांची लग्नं जुळायची, तीही तेव्हापासूनच.

आम्ही उतरलो ती रँच छोटी, घरगुती. पण मालक-मालकिणीचं जुळलं ते असंच. ती शिकागोची, हिशेबनीस, शाकाहारी आणि अखंड बोलणारी. तो पिढीजात गुरंवाला. त्याचं दिवसभराचं बोलणं म्हणजे "फाटक होतं तसं ठेवा." पाहुणी म्हणून आली त्या पहिल्याच संध्याकाळी तिने भर पंगतीत त्याला विचारलं, "तुमच्याकडे गुरं किती?" रँचवाल्याला हे विचारणं म्हणजे अनोळखी माणसाला बँकेतली शिल्लक विचारणं. सगळे ताटात बघू लागले.

"पुरेशी," तो म्हणाला.

"पुरेशी हा आकडा नव्हे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्याने तिला सगळ्यात संथ घोडी दिली आणि स्वतः शेजारून चालला. आता वह्या तिच्याकडेच असतात. मी आकड्यासाठी खडा टाकून पाहिला. बाईंनी सफाईने मक्याचा ब्रेड पुढे केला.

तिच्यासाठी काळ्या घेवड्याची उसळ, त्याच्यासाठी स्टेक. चूल एक, तवे दोन. भांडण एकाच गोष्टीवरून. विकायच्या वासरांना नाव द्यायचं नाही, हा रँचचा दंडक. तिने एकाला नाव दिलं. ते वासरू आता चांगला धिप्पाड बैल झालंय, कामाचा ना धामाचा, नुसता गवत खातो. तिच्याच वहीत तो तोट्याच्या खात्यावर आहे. तरी दर वर्षी विक्रीचे ट्रक यायच्या आदल्या दिवशी नवराच त्याला गुपचूप मागच्या कुरणात नेऊन सोडतो, असं तिने जेवताना फोडलं.

"तो असला की बाकीची गुरं शांत राहतात, बिथरत नाहीत, हाकायला सोपी जातात," तो कपाळापर्यंत लाल होत म्हणाला.

आमच्या मुक्कामात त्याच्या तोंडून निघालेलं हे सर्वांत लांब वाक्य.