‘सर नाहीत का?’

“इथं कोणी सर नाहीत का?” पत्नीनं दारातूनच विचारलं. निफाडकडचे पन्नाशीचे द्राक्ष बागायतदार तिच्यामागे खाली मान घालून उभे. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) फॉर्मवर ‘समुपदेशक : पुरुष’ लिहून खाली दोन रेघा मारलेल्या. सर गुरुवारी येणार होते, तसं मी सांगितलं. “आलोच आहे तर बसतो,” ते म्हणाले.

पत्नी बाहेर थांबली. बराच वेळ बागेचंच चाललं: गोडी छाटणी, अवकाळी, तडकलेले मणी, पैसे बुडवून पळालेला व्यापारी. टोपी गुडघ्यावर ठेवून तिची घडी घालायची, मोडायची. मग एकदम म्हणाले, “ताई, बरं झालं सर नाहीत. बाप्यापुढं मला ताठच बसावं लागलं असतं.” आणि रडले.

जीव नकोसा वाटतो का, हे मी आडून न विचारता थेट विचारलं. असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, हा निव्वळ गैरसमज. २०२२ मध्ये देशातल्या १,७०,९२४ आत्महत्यांपैकी सुमारे ७२ टक्के पुरुष होते, आणि समुपदेशनाला येणाऱ्यांत पुरुष कमीच. त्यांचं उत्तर ‘हो’ होतं. त्यांच्या संमतीनं पत्नीला आत बोलावलं. फवारणीच्या औषधांची खोली बंद करून किल्ली भावाकडे द्यायची ठरली, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, रात्रीबेरात्रीसाठी टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिला.

निघताना पत्नी हळूच म्हणाली, “फॉर्म मीच भरला होता. म्हटलं, बाईमाणसापुढं ह्यांना बोलता यायचं नाही.”

समुपदेशक बाई की पुरुष, यानं उपचाराच्या परिणामात सरासरी फारसा फरक पडत नाही, असं संशोधन सांगतं. समोरच्याशी विश्वासाचं नातं जुळणं जास्त मोलाचं. पण पसंती विचारात घेतली तर माणूस उपचार अर्धवट सोडण्याची शक्यता कमी होते. म्हणून विचारायचंच, फक्त ज्याचं त्याला. लैंगिक अत्याचार सोसलेली एखादी बाई पुरुषासमोर बसायला तयार नसेल, तर तिथं सरासरी सांगत बसण्यात काय अर्थ?

पुढच्या भेटीत त्यांना मी एकट्यालाच विचारलं, माझ्याकडेच यायचं की सरांकडे? मला वाटलं, माझंच नाव घेतील.

“सरांकडे,” ते म्हणाले. “त्यांची पिंपळगावला बाग आहे म्हणे. छाटणी म्हणजे काय, हे तरी समजावून सांगावं लागणार नाही.”