सुईपुरताच स्कॅन

आज सीटी-गायडेड लंग बायोप्सी होती, म्हणजे सीटी स्कॅनवर बघत फुप्फुसातल्या गाठीत सुई घालून तपासणीसाठी नमुना काढायचा. साठीच्या काकू, उजव्या फुप्फुसात जेमतेम दीड सेंटिमीटरची गाठ. टेबलावर झोपता झोपता त्यांनी विचारलं, "बाळा, किती वेळा फोटो काढणार रे?" हा प्रश्न खरं तर प्रत्येक पेशंटने विचारायला हवा.

सुई पुढे सरकली की तिची जागा तपासायला पुन्हा स्कॅन करावा लागतो. पण दर वेळी अख्खी छाती कशाला? आधीच्या स्कॅनवरून पातळी ठरते, मग गाठीच्या वरखालचे चार-पाच सेंटिमीटर पुरतात. शिवाय फुप्फुसातली हवा काळी, गाठ आणि सुई पांढरी. चित्र थोडं दाणेदार आलं तरी टोक ओळखू येतं. म्हणून एमए (एक्स-रे नळीतला विद्युतप्रवाह) बिनधास्त कमी करता येतो. बाकी सेटिंग तेच ठेवून एमए निम्मा केला की पेशंटला मिळणारा किरणांचा डोसही निम्मा. हे ठाऊक असूनही धावपळीत नेहमीचाच चेस्ट प्रोटोकॉल (छातीच्या स्कॅनची ठरलेली सेटिंग) लावला जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

सगळ्यात मोठी मदत काकूंचीच. श्वास धरायचा सराव आधीच करून घेतला होता. दर वेळी अगदी तेवढाच श्वास घेऊन थांबल्या. श्वास कमीजास्त झाला की गाठ सरकते, सुईची दिशा चुकते आणि स्कॅन वाढत जातात.

शेवटी फुप्फुसाबाहेर हवा साठली नाही ना, हे पाहायचा स्कॅनही कमी डोसवरच घेतला. सगळं ठीक आहे. नमुना पॅथॉलॉजीला गेलाय.

सीटीवर काम करणाऱ्या मित्रांनो, बायोप्सीसाठी वेगळा लो-डोस प्रोटोकॉल मशीनवर सेव्ह करून ठेवा. उद्याच करा.