भाऊबीज करून मकाऊला

भाऊबीजेला ताईकडे जेवलो, तिने दिलेला चिवडा-चिरोट्यांचा डबा पिशवीत टाकला आणि रात्रीच्या बडोदा एक्स्प्रेसने काका आणि मी मुंबईला निघालो, तिथून पुढे हाँगकाँगशेजारच्या मकाऊला, गाड्यांची शर्यत बघायला. तारीख १५ नोव्हेंबर २०२३. त्याच दिवशी वानखेडेवर भारताने न्यूझीलंडला हरवून वर्ल्ड कपची फायनल गाठली होती. स्टेशनाबाहेर दिवाळीचे उरलेसुरले फटाके वाजत होते आणि घरातले आमच्याकडे वेड लागलेल्या माणसांकडे बघावं तसे बघत होते. फायनल १९ तारखेला अहमदाबादला, म्हणजे बडोद्यापासून दोन तासांवर. चुलतभावाकडे दोन तिकिटं होती आणि त्यातलं एक काकांसाठी होतं.

"बाबा, जन्मात एकदा येणारी गोष्ट आहे ही," तो शेवटपर्यंत सांगत होता.

काका म्हणाले, "क्रिकेट टीव्हीवर दिसतं रे. रस्ता टीव्हीवर दिसत नाही."

काकांचं बडोद्यात दांडिया बाजारात गॅरेज होतं. चाळीस वर्षं माणूस गाड्यांखाली झोपला. भिंतीवर लक्ष्मीच्या कॅलेंडरशेजारी ब्राझीलच्या फॉर्म्युला वन ड्रायव्हरचा, आयर्टन सेनाचा, कुठल्याशा मासिकातून कापलेला फोटो, ग्रीसच्या बोटांनी काळवंडलेला. मकाऊची शर्यत एकदा बघायचीच हे त्यांच्या मनात तेव्हापासून होतं. मी फक्त तिकिटं काढली.

आधी जाण्याचं सांगतो, कारण सगळे तेच विचारतात. भारतीय पासपोर्टला मकाऊचा व्हिसा लागत नाही, आम्हाला तीस दिवसांची चिठ्ठी मिळाली. ती पासपोर्टमध्ये सुटीच ठेवलेली असते, हरवू नका. पण मकाऊला जायचं तर बहुतेकांना हाँगकाँगवरून जावं लागतं आणि तिथे बाहेर पडायचं असेल तर आगाऊ नोंदणी करावी लागते. ती ऑनलाइन होते, फुकट आहे आणि उत्तर तिथल्या तिथे मिळतं. नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं, वडिलांच्या नावासकट भरा. काकांचं पहिल्यांदा फेटाळलं गेलं, कारण मी आडनावाच्या रकान्यात घोळ घातला होता. कागद छापून सोबत ठेवा.

हाँगकाँग विमानतळावरून बी-४ बस मकाऊला जाणाऱ्या समुद्रपुलाच्या नाक्यावर सोडते. तिथून सोनेरी बस घ्यायची, दिवसा ६५ हाँगकाँग डॉलर. २०१८ साली सुरू झालेला हा पूल बोगद्यासकट ५५ किलोमीटरचा आहे आणि मध्येच रस्ता समुद्राखाली जातो. बस पाण्याखाली शिरली तेव्हा काका खिडकीला नाक लावून बसले होते. चिवडा तोवर संपला होता.

मकाऊत हाँगकाँगचे डॉलर सगळीकडे चालतात, पण सुटे बरेचदा पटाकात मिळतात आणि पटाका हाँगकाँगमध्ये कोणी घेत नाही. ते मकाऊतच संपवा. शहरातल्या बसला सहा पटाका पडतात आणि ड्रायव्हर सुटे देत नाही.

आता आमची चूक. आम्ही शुक्रवारी सकाळी पोचलो. बुधवारी पोचायला हवं होतं. ही शर्यत स्टेडियममध्ये होत नाही, शहराच्या रोजच्या रस्त्यांवर होते. दिवसाचा सराव संपला की संध्याकाळी तेच रस्ते बस-स्कूटरना उघडे होतात. तेव्हा पूर्ण फेरी पायी मारायची. ६.१२ किलोमीटर आहे, चढासकट दोन तास धरा. आम्हाला एकच संध्याकाळ मिळाली आणि सबंध प्रवासात तीच सगळ्यात मोलाची ठरली.

सुरुवात बंदराच्या बाजूला, फेरी टर्मिनलजवळ. इथला रस्ता रुंद, सरळ, विशेष काही नाही. काका मात्र थांबून डांबर बघत होते. मध्ये पांढरा झेब्रा क्रॉसिंगचा पट्टा, त्यावर टायरचे दोन काळे ओरखडे तिरपे गेलेले. "रंगावर पकड नसते," ते म्हणाले. "ओला असेल तर साबण समज." मग स्वतः त्या पट्ट्यावर चप्पल घासून बघितली. मागून बसने हॉर्न दिला.

हे सगळं १९५४ साली सुरू झालं. मकाऊ तेव्हा पोर्तुगीजांचं. तिथल्या काही हौशी मंडळींना आपल्या गाड्या घेऊन शहरभर खजिन्याचा शोध खेळायचा होता. रस्त्यांचा नकाशा त्यांनी हाँगकाँगच्या मोटर क्लबमधल्या पॉल ड्यु टॉइटना दाखवला आणि ते म्हणाले, अहो, हा तर शर्यतीचा ट्रॅक आहे. खजिना राहिला बाजूला. ३० ऑक्टोबरला शर्यत सुरू झाली आणि एदुआर्दो द कार्व्हाल्यो ट्रायम्फ टीआर-२ घेऊन पहिला आला. कामावर न्यायच्या गाड्या आणून लोक धावत होते, असा तो काळ.

सरळ रस्ता संपतो तिथे लिस्बोआचं काटकोनी वळण. जुनी माणसं त्याला पुतळ्याचं वळण म्हणायची, कारण तिथे एका पोर्तुगीज गव्हर्नरचा घोड्यावरचा पुतळा होता. १९९२ मध्ये तो पोर्तुगालला परत गेला. शेजारचं लिस्बोआ हॉटेल मात्र राहिलं आणि नावही त्याचंच चिकटलं. इथे उभं राहिलं की पोटात गोळा येतो. ताशी अडीचशेच्या वर येणाऱ्या गाडीला इथे एकदम उजवीकडे वळायचं असतं आणि समोर भिंत. २०१८ मध्ये जर्मनीच्या सोफिया फ्लॉर्शची गाडी या वळणाआधी पुढच्या जेहान दारूवालाच्या, म्हणजे आपल्या मुंबईच्या पारशी पोराच्या, गाडीला लागली, ताशी २७६ किलोमीटरने उलटी सुटली आणि कुंपणावरून उडून फोटोग्राफरांच्या मचाणात जाऊन आदळली. मणक्याचं ऑपरेशन झालं. ती वाचली, आणि पुढच्याच वर्षी याच वळणावर परत आली. काकांनी ते ठिकाण शोधून काढलं, वर बघितलं, खाली बघितलं आणि काही बोलले नाहीत.

लिस्बोआनंतर शहर चढू लागतं. इथून पुढे रस्ता दोन भिंतींमध्ये शिरतो, वळणं एकामागून एक, पुढचं काही दिसत नाही. काही ठिकाणी रुंदी जेमतेम सात मीटर. काकांनी पावलांनी मोजली: दहा पावलं. "आपल्या पोळेतल्या गल्लीच्या तोंडाला दोन रिक्षा समोरासमोर आल्या की भांडण होतं, आणि हे इथून चौथ्या गिअरमध्ये जातात." या पट्ट्यात एक गाडी आडवी झाली की मागच्यांना जायला जागाच उरत नाही. २०१७ च्या जीटी, म्हणजे स्पोर्ट्स गाड्यांच्या, शर्यतीत पोलीस वळणावर असंच झालं, एकावर एक डझनभर महागड्या गाड्या चेपून रस्ता बंद.

प्रसूतिगृहाचं वळण, कोळ्याचं वळण, वळणांची नावं अशी ठेवलेली, आपल्याकडे बसस्टॉपची असतात तशी. यातल्या दोन ठिकाणी आम्ही बडोद्याचे लोक चमकलो. एक, मूरिश हिल. हे मूर म्हणजे मोरोक्कोचे नव्हेत. पोर्तुगीजांनी हिंदुस्थानातून आणलेल्या मुसलमान शिपायांना इथे मूर म्हणत, त्यांची मशीद याच भागात आहे. आणि दुसरं, गिया टेकडीच्या उतारावरचा एस्त्रादा दुश पार्सेस, म्हणजे सरळ पारशांचा रस्ता. कँटनच्या व्यापारासाठी मुंबईहून आलेल्या पारशांनी १८२९ मध्ये इथे दफनभूमी केली. फाटक बंद होतं. काकांनी गजाला हात लावून आत बघायचा प्रयत्न केला, अंधारात झाडंच दिसली. "म्हणजे जेहानच्या आधी जवळजवळ दोनशे वर्षं आपले लोक या टेकडीवर होते ने," म्हणाले. पारशांना गुजरातेत कोणी परकं म्हणत नाही, त्यामुळे 'आपले' या शब्दावर मी वाद घातला नाही.

खाली उतरलं की मेल्कोचं हेअरपिन. मेल्को म्हणजे इथली जुनी वीज कंपनी. हे वळण इतकं अरुंद की गाड्यांना इथे ओलांडायची परवानगीच नाही, पिवळा झेंडा कायम. शर्यतीत गाड्या इथे जवळजवळ चालत जातात, एकामागे एक, देवळातल्या रांगेसारख्या. पुढे कोळ्याचं वळण, शेवटचं आर वळण, की परत बंदर.

त्या आर वळणावर काकांना बसायचंच होतं. २०१७ ची गोष्ट: शेवटची फेरी, शेवटचं वळण, पुढे ब्राझीलचा सेत्ते कामारा, त्याला बाहेरून ओलांडायला निघालेला फर्डिनांड हाब्सबुर्ग, ऑस्ट्रियाच्या जुन्या राजघराण्यातला. दोघेही भिंतीवर गेले आणि मागून आलेला डॅन टिक्टम जिंकला. १९९० ची गोष्ट तर त्यांना तोंडपाठ. तेव्हा दोन भागांची बेरीज करून निकाल लागे. पहिला भाग फिनलंडच्या मिका हक्किनेनने जिंकलेला, दुसऱ्यात शूमाकरच्या मागे मागे राहून शेवट गाठला असता तरी पुरे होतं. पण पठ्ठ्याने शेवटच्या फेरीत ओलांडायला बघितलं, मागून धडकला आणि संपला. शूमाकर मागचा पंख मोडलेल्या गाडीने जिंकला. "गरज काय होती?" काका तेहतीस वर्षांनीही चिडतात, जणू हक्किनेन त्यांच्या गॅरेजमधला पोऱ्या होता.

सेनाचं मात्र ते हळू आवाजात सांगतात. १९८३, फॉर्म्युला थ्रीच्या, म्हणजे फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीवरच्या, गाड्या पहिल्यांदाच इथे आल्या, आणि त्याने दोन्ही भाग जिंकले. पुढच्या वर्षी तो फॉर्म्युला वनमध्ये गेला.

या रस्त्यांनी माणसंही घेतली आहेत. १९६७ मध्ये फिलिपिन्सचा आर्सेनियो लॉरेल, जो १९६२ आणि १९६३ ला इथे जिंकला होता, समुद्राकडच्या भिंतीवर आदळून जळून गेला. त्याच वर्षी मोटरसायकलींची शर्यत सुरू झाली, यात काय म्हणायचं कोण जाणे. २०१२ मध्ये एकाच आठवड्यात दोघे गेले. मोटरसायकली लिस्बोआला वाकून वळताना पडद्यावर बघितल्या आणि मला त्या बघवल्या नाहीत, खोटं कशाला बोलू. मायकल रटर नावाचा माणूस नऊ वेळा जिंकला आहे हे ऐकून कौतुकापेक्षा त्याच्या बायकोचाच विचार आधी आला.

बसायचं कुठे? लिस्बोआचा स्टँड महाग, पण दोन दिवसांचं तिकीट काढणार असाल तर एक दिवस तिथे बसाच. जलाशयाजवळच्या स्टँडवर स्वस्तात बसता येतं, तिथे फक्त वेग दिसतो, सर्रकन गेली की गेली. आम्ही शनिवारी तिथे, रविवारी लिस्बोआला, आणि हा क्रम बरोबर होता. पडदा दिसेल अशी जागा मागा, नाहीतर डोंगराकडे काय झालं ते कळत नाही. कानात घालायचे बोळे न्याच. काकांनी कापूस आणला होता आणि दुपारी बाहेर काढून टाकला, म्हणाले आवाज ऐकायलाच आलोय.

हॉटेल घेताना एक बघा, ते सर्किटच्या आत आहे की बाहेर. आमचं आत होतं. नकाशात स्टँड समोरच, पण मध्ये शर्यत. पादचारी पुलांवरून चढत-उतरत जायला पाऊण तास लागला आणि काकांच्या गुडघ्यांनी रात्री हिशोब मागितला. गुडघे दुखरे असतील तर टायपा बेटाच्या बाजूला राहा आणि बसने या. आणि शर्यतीचं म्युझियम चुकवू नका, मंगळवारी बंद असतं.

रविवारी फॉर्म्युला थ्रीची मुख्य शर्यत, पंधरा फेऱ्यांची. चार वर्षांनी या गाड्या मकाऊला परतल्या होत्या, शर्यतीचं सत्तरावं वर्ष होतं. इंग्लंडचा ल्यूक ब्राउनिंग जिंकला. पहिली फेरी सुरू झाली आणि सगळी रांग लिस्बोआला एकत्र आली, त्या चार-पाच सेकंदांत काकांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की घड्याळाचा पट्टा उमटला.

मकाऊचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. म्हणजे शर्यत बघून निघालो तोवर अहमदाबादला खेळ सुरू झालेला. हॉटेलच्या टीव्हीवर क्रिकेट नाही, फोनवर अडखळत बघितलं. आपले २४०. मग ट्रॅव्हिस हेड. मध्यरात्री चुलतभावाचा फोन आला. मागे गर्दीचा आवाजच नव्हता, एवढी लाखभर माणसं आणि नुसते पाय वाजत होते.

"बाबा, बरं झालं तुम्ही आला नाहीत."

काका थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "जेवलास का काही?"

सोमवारी सकाळी निघताना लिस्बोआला क्रेन कुंपण उचलत होती. रस्त्याच्या कडेला टायरच्या रबराच्या काळ्या गुठळ्या पडल्या होत्या, खारका वाळल्यासारख्या. काकांनी वाकून मूठभर उचलल्या आणि ताईच्या रिकाम्या डब्यात भरल्या. बडोद्याला येऊन तीन वेळा घासला तरी डब्याचा वास गेलेला नाही. ताईला तो परत हवा आहे.