पोर्ट लुईतला मंगळवार: मॉरिशसची संसद बघायची असेल तर

मॉरिशसला जाणारा मराठी माणूस समुद्र आणि गंगा तलाव बघून परततो. मला संसद बघायची होती, म्हणून एक मंगळवार राजधानी पोर्ट लुईसाठी राखून ठेवला. अधिवेशन चालू असेल तर नॅशनल असेंब्ली सहसा मंगळवारी साडेअकराला भरते. पण सुट्टीचे काळ लांबलचक असतात, तेव्हा असेंब्लीच्या संकेतस्थळावर तारीख बघितल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका.

मेट्रोने व्हिक्टोरिया स्टेशनला उतरा, गाडी आणू नका. तिथून चालत प्लास द आर्म हा चौक गाठायचा. ताडांच्या दोन रांगा, समुद्राच्या टोकाला फ्रेंच गव्हर्नर ला बूर्दोने यांचा पुतळा, वरच्या टोकाला गव्हर्नमेंट हाउस आणि त्याच्यापुढे व्हिक्टोरिया राणी. असेंब्ली याच आवारात आहे. प्रेक्षक गॅलरीसाठी आधी ईमेल करून परवानगी विचारा, पासपोर्ट जवळ ठेवा आणि अर्धी चड्डी हॉटेलवरच राहू द्या.

सभागृह छोटं, त्यामुळे चेहरे नीट दिसतात. खरी रंगत सुरुवातीलाच असते. विरोधी पक्षनेता आपला खास प्रश्न मांडतो (प्रायव्हेट नोटिस क्वेश्चन; सगळे त्याला ‘पीएनक्यू’ म्हणतात) आणि संबंधित मंत्र्याला उपप्रश्नांना तोंड द्यावं लागतं. पंतप्रधानांच्या प्रश्नोत्तरांसाठीही मंगळवारी वेगळा अर्धा तास आहे. एवढं ऐकलंत तरी येणं वसूल. विधेयकांवरची भाषणं मला तरी कंटाळवाणी वाटली. घटनेनुसार कामकाजाची भाषा इंग्रजी, पण सदस्याला फ्रेंचमध्येही बोलता येतं. वाद तापला की फ्रेंचच जास्त ऐकू येते.

जाण्याआधी निवडणुकीची पद्धत मात्र समजून घ्या, नाहीतर समोर बसलेल्या माणसांचा हिशेबच लागत नाही. मुख्य बेटावर २० मतदारसंघ, प्रत्येकी तीन जागा आणि प्रत्येक मतदाराला तीन मतं. रॉड्रिग्ज बेटाच्या दोन जागा धरून ६२. लोक तिन्ही मतं बहुधा एकाच आघाडीला देतात, त्यामुळे लाट आली की समोरचा पक्ष पार पुसला जातो. मुख्य बेटावर १९८२ मध्ये ६०-० झालं, १९९५ मध्ये झालं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये नवीनचंद्र रामगुलाम (त्यानंतर तेच पंतप्रधान झाले) यांच्या आघाडीने पुन्हा तेच केलं. मग विरोधी बाकावर कोण? इथे ‘बेस्ट लूझर’ची सोय कामी येते. पडलेल्या उमेदवारांपैकी जास्तीत जास्त आठ जणांना समाजांचं प्रतिनिधित्व सांभाळण्यासाठी आत घेतात. २०२४ च्या निवडणुकीनंतर विरोधी पक्षनेते झालेले जो लेजोंगार असेच आत आले. पडलेल्या उमेदवाराने पंतप्रधानांना जाब विचारायचा, हे आपल्याकडे कुणाला पटणार नाही. मला ते शहाणपणाचं वाटलं.

खटकलं ते एवढंच, की त्यासाठीची समाजांची मोजणी अजूनही १९७२ च्या जनगणनेवर चालते. चार गट आहेत: हिंदू, मुस्लिम, चिनी आणि ‘सर्वसाधारण’ (म्हणजे बाकीचे सगळे). कोकणातून मजुरीसाठी गेलेल्यांचे मराठी वंशज त्यात वेगळे दिसत नाहीत, हिंदूंमध्येच मोजले जातात. ही माणसं ज्या धक्क्यावर उतरली तो आप्रवासी घाट इथून चालत जाण्याइतका जवळ आहे. कामकाज दुपारी जेवणासाठी थांबलं की तिकडे जाऊन या. वाटेत बाजारातली गरम ढोलपुरी (डाळीचं सारण भरलेली पोळी) खा. गणेश चतुर्थीला इथे सरकारी सुट्टी असते, ती मंगळवारी आली तर तो दिवस टाळा. आणि गॅलरीत जागा मिळालीच नाही, तर कामकाजाचं थेट प्रक्षेपण हॉटेलात बसूनही बघता येतं.