तुम्ही विचारलंत म्हणून: तालुक्यालाच पेपर का?

"एवढी हौस आहे तर पुण्याला जाऊन पेपर काढा की! इथं कोण वाचतं?" माझ्या साप्ताहिकाची वर्गणी देताना लोक हे विचारतात, न देताना तर हमखास. अशा वेळी मी तरवडीचं नाव काढतो.

तरवडी हे नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातलं, नेवासे तालुक्यातलं खेडं. मुकुंदराव पाटलांचं 'दीनमित्र' साप्ताहिक इथलं. 1910 साली सुरू केलं ते त्यांनी 1967 साली डोळे मिटेपर्यंत चालवलं. जन्मदाते वडील कृष्णराव भालेकर. त्यांनी 1877 मध्येच पुण्यात 'दीनबंधु' काढलेला. दत्तक वडील गणपतराव पाटील. 'दीनमित्र' हे नाव त्यांच्या मासिकाचं. म्हणजे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीचं बाळकडू दोन्ही घरांचं. कागद, शाई, छपाईचे शिशाचे खिळे यांतलं काहीच खेड्यात पिकत नाही, तरी पठ्ठ्या खेड्यातच राहिला.

त्याचं मोल मला त्यांच्या 'कुलकर्णी लीलामृत' या काव्यात कळतं. पोथीसारखं ओवीबद्ध, पण लीला देवाच्या नाहीत, गावचा हिशेब लिहिणाऱ्या वतनदार कुलकर्ण्याच्या. दप्तर त्याच्या ताब्यात, लिहिता-वाचता येणारे गावात मोजके. त्यानं खात्यावर काय चढवलं ते कुणब्याला कळणार कसं? अंगठा उठवायचा आणि घरी जायचं. हा जाच मुकुंदरावांनी त्याच कुणब्याला कानानं पाठ असलेल्या पोथीच्या चालीत मांडला. सभेतल्या भाषणापेक्षा हे जिव्हारी लागणारं. त्यांची भाषा कधीकधी फार झोंबरी होते, उपदेशही लांबतो. चालायचंच, सत्तावन्न वर्षं एकहाती लिहिणाऱ्याचा प्रत्येक अग्रलेख घोटीव कसा असेल?

पुण्यात बसून कुलकर्ण्यांवर लिहिणं सोपं होतं. दिल्लीतल्या मंत्र्यावर तर मीसुद्धा रोज लिहीन, तो कुठं माझ्या दारात येतोय? ज्याच्यावर लिहायचं तो सकाळी पारावर भेटणार, त्याच्या भावकीतल्या लग्नाला आपल्याला जायचंय, उतारा त्याच्याकडूनच घ्यायचाय. अशा ठिकाणी बातमी चुकीची छापून भागत नाही, कारण सातबारा कुणाच्या नावावर आहे हे वाचणाऱ्यालाच ठाऊक असतं.

मागच्या अंकात आमच्या गल्लीतल्या रेशन दुकानदाराच्या वजनकाट्याची बातमी लावली. दिवाळी अंकाला त्याची अर्ध्या पानाची जाहिरात असायची. ती यंदा सोडून हिशेब मांडलाय.