सातव्या लेनमधला खालचा बँड

"मॅडम, सातला दोन बँड आहेत."

जेल यूव्हीच्या पेटीत ठेवून जेमतेम दहा सेकंद झाले होते. डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणारं सोळा लेनचं जेल होतं; आखूड तुकडा खाली जातो. पहिल्या लेनमध्ये ५० बेसची लॅडर, म्हणजे लांबीची मोजपट्टी (बेस म्हणजे डीएनएचं एक अक्षर), मग बारा नमुने, शेवटी निकाल आधीच माहीत असलेले तीन कंट्रोल. बाकीच्या सगळ्या नमुन्यांत १८९ बेसवर एकच ठसठशीत रेघ होती. सातव्या लेनमध्ये मात्र तिच्याखाली १५७ वर दुसरी रेघ उमटली होती.

नमुन्यांवर नाव नसतं, कोड असतो. सोबतच्या चिठ्ठीत डॉक्टरांनी लिहिलं होतं: पत्नी एचआयव्ही पॉझिटिव्ह, लग्नाला ११ वर्षं, पती प्रत्येक तपासणीत निगेटिव्ह, सीसीआर५ डेल्टा३२ आहे का?

एचआयव्हीला पेशीत शिरायला पेशीवरचं सीडी४ हे प्रथिन एकटं पुरत नाही, जोडीला बहुतेक वेळा सीसीआर५ हे दुसरं प्रथिन लागतं. तिसऱ्या गुणसूत्रावरच्या त्याच्या जनुकातले ३२ बेस गळलेले असू शकतात (हाच डेल्टा३२), हे १९९६ मध्ये कळलं. ३२ ला तिनाने भाग जात नसल्याने तिथून पुढचं वाचनच सरकतं. ३५२ अमिनो आम्लांचं प्रथिन २१५ वर तुटतं आणि पेशीच्या पृष्ठभागापर्यंत पोचत नाही. आई-वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रती अशा असतील, तर सीसीआर५ वापरणाऱ्या विषाणूला दारच सापडत नाही. एकच प्रत अशी असेल तर लागण होऊ शकते. उपचार नसतील तर आजार बळावायला साधारण दोन-तीन वर्षं जास्त लागतात, फायदा तेवढाच. उत्तर युरोपात या बदलाचं प्रमाण १० ते १५ टक्के प्रतींपर्यंत जातं. भारतात ते १ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी आहे. म्हणजे एक प्रत बदललेली माणसं फार तर पन्नासात एक, दोन्ही बदललेली दहा हजारांत एक. सातव्या लेनमधला बँड अशक्य नव्हता, पण सहज मान्य करण्यासारखाही नव्हता.

चाचणी तशी सोपी आहे, आणि फसगत होते ती त्यामुळेच. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमधलं २०० मायक्रोलिटर रक्त घ्यायचं (हिरव्या झाकणाची नको, हेपॅरिनमुळे पीसीआर, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढणं, अडतो) आणि कॉलमवर डीएनए काढायचा. २५ मायक्रोलिटरच्या पीसीआरमध्ये ५० नॅनोग्रॅम डीएनए टाकायचा. गळालेल्या भागाच्या दोन्ही बाजूंना प्रायमर (तुकड्याची टोकं ठरवणारे छोटे डीएनए), ३५ फेऱ्या, ५८ अंशांवर ॲनिलिंग (प्रायमर चिकटण्याची पायरी). साधी प्रत १८९ बेसचा तुकडा देते, डेल्टा३२ ची प्रत १५७ चा. जेल ३ टक्के ॲगरोजचंच हवं. २ टक्क्यांवर हे दोन बँड नीट सुटत नाहीत. व्होल्टेज वाढवून घाई केली तर जेल तापतं आणि रेघा पसरतात. आम्ही १०० व्होल्टवर सव्वा तास चालवतो.

त्या दिवशी विश्वास बसला तो तिसऱ्या, फिकट बँडमुळे. तो १८९ च्याही वर होता. एका ट्यूबमध्ये दोन्ही लांबीचे तुकडे असले की शेवटच्या फेऱ्यांत लांब धागा आखूड धाग्याशी जुळतो. जादा ३२ बेसचा फुगवटा बाहेर राहतो आणि असा जोड जेलमधून रखडत जातो. त्याला हेटरोड्युप्लेक्स म्हणतात. पाठ्यपुस्तकात एक प्रत असलेल्या माणसाचं चित्र अगदी असंच असतं. डीएनए न घातलेल्या निगेटिव्ह कंट्रोलची लेन कोरी होती आणि डेल्टा३२ चा कंट्रोल १५७ वर नेमका होता. रिपोर्ट लिहायला कुणाचीच हरकत नव्हती.

तरी तो थांबवला. अशा निकालाची रिपीट, तीही रक्तापासून, करायची हा आमचा नियम. 'तुमच्यात संरक्षक बदल सापडला' हे वाक्य घरी गेलं की तिथे त्याचा अर्थ 'मला होत नाही' असा होतो. मग कंडोम बंद होतात, कधी पत्नीच्या गोळ्यांबाबतही ढिलाई येते.

दुपारी आधी त्याच डीएनएवर नवीन पीसीआर लावला. सातव्या लेनमधल्या नमुन्याला फक्त १८९. मग राखलेल्या रक्तातून डीएनए नव्याने काढला, पुन्हा फक्त १८९. म्हणजे गोंधळ रक्तात किंवा डीएनएत नव्हता, सकाळी पीसीआर भरताना झाला होता.

डेल्टा३२ चा कंट्रोल मिळवणं आपल्याकडे अवघड जातं. दोन्ही प्रती बदललेला रक्तदाता कुठून आणायचा? म्हणून ५०० बेसचा कृत्रिम तुकडा बनवून घेतला जातो. तो कोरडा येतो, २०० नॅनोग्रॅम. त्याच सकाळी तो २० मायक्रोलिटरमध्ये विरघळवला होता, आणि ज्या टेबलावर नमुने भरत होते त्याच टेबलावर. आकडा मांडल्यावर आम्ही सगळेच गप्प झालो. अशा तुकड्याच्या १ नॅनोग्रॅममध्ये सुमारे १८५ कोटी प्रती असतात, म्हणजे त्या कुपीच्या १ मायक्रोलिटरमध्ये १,८५० कोटी. झाकण उघडताना उडालेल्या बारा मायक्रॉनच्या, डोळ्याला न दिसणाऱ्या थेंबात साधारण १७,०००. आणि आमच्या ५० नॅनोग्रॅम मानवी डीएनएत या जनुकाच्या प्रती किती? सुमारे १५,०००. एका थेंबाने जवळजवळ निम्मे-निम्मे मिश्रण तयार केलं होतं. हेटरोड्युप्लेक्स खरा होता, फक्त त्यातला आखूड धागा त्या माणसाचा नव्हता. सकाळचं उत्पादन सिक्वेन्सिंगला पाठवलं असतं तरी गळालेल्या जागेपासून एकावर एक चढलेले पीक दिसले असते आणि चूक पक्की झाली असती.

निगेटिव्ह कंट्रोल कोरा राहिला, कारण तो सगळ्यात आधी भरून त्याचं झाकण लावलं होतं. पुढे घडलेलं त्याला कळणारच नव्हतं. आता ती ट्यूब शेवटचा नमुना भरेपर्यंत उघडी असते. नमुन्यांची आणि तिची झाकणं लागल्यावरच पॉझिटिव्ह कंट्रोल दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या पिपेटने भरला जातो. कुपी उघडण्याआधी स्पिन करायची आणि मायक्रोलिटरला १०,००० प्रतींपर्यंत पातळ केल्याशिवाय ती नमुन्यांच्या जवळपास आणायची नाही.

नवीन कंट्रोल मागवताना एक बेस मुद्दाम बदलून घेतला. गळालेल्या भागाच्या पुढे जनुकात जीएएटीसीसी असा क्रम आहे. त्यातला पहिला सी बदलून टी केला की ठरावीक क्रमावर डीएनए कापणाऱ्या ईकोआर१ एन्झाइमची जागा तयार होते. मानवी तुकड्यात ती नाही. संशयास्पद १५७ चा बँड ईकोआर१ ने कापून पाहायचा. १०८ आणि ४९ असे तुकडे पडले तर तो आमच्याच कुपीतून आलेला.

डॉक्टरांकडून दुसऱ्यांदा रक्त मागवलं. या वेळी प्रायमर कृत्रिम तुकड्याच्या टोकांबाहेरचे घेतले, म्हणजे कंट्रोल सांडला असला तरी त्यावरून काहीच वाढणार नाही. सिक्वेन्स सरळ वाचता आला, दोन्ही प्रती साध्या.

फोनवर डॉक्टरांनी विचारलं, "मग हा निगेटिव्ह कसा?" पत्नीची औषधं कधीपासून चालू आहेत, हे आम्ही उलट विचारलं. लग्नानंतर वर्षभरातच सुरू झालेली, आणि तेव्हापासूनचे व्हायरल लोड (रक्ताच्या एका मिलिलिटरमधल्या विषाणूच्या प्रती) २०० च्या खाली. तो तसा टिकून असेल तर शरीरसंबंधातून लागण होत नाही. त्याआधीच्या वर्षाचं म्हणाल, तर योनिसंबंधात पुरुषाला एका वेळी असणारा धोका दहा हजारांत चारच्या आसपास मानला जातो. अनेक जण वर्षभर निगेटिव्ह राहतात ते प्रतिकारशक्तीशिवाय.

रिपोर्टमध्ये 'डेल्टा३२ आढळला नाही' याखाली दोन ओळी वाढवल्या. पहिली: या चाचणीवरून संरक्षणाबद्दल कोणताही निर्णय घेऊ नये, दोन्ही प्रती बदललेल्या असत्या तरीही सीसीआर५ ऐवजी सीएक्ससीआर४ हे दुसरं दार वापरणाऱ्या विषाणूची लागण होऊ शकते. दुसरी: पत्नीचे उपचार आणि व्हायरल लोडच्या तारखा चालू ठेवाव्यात, पतीची एचआयव्ही तपासणी ठरल्याप्रमाणे करावी.