नऊ मिनिटे आणि एकतीस हजार मेगावॅट

5 एप्रिल 2020 रोजी रात्री नऊ वाजता नऊ मिनिटांसाठी घरातले दिवे मालवून पणत्या-मेणबत्त्या लावाव्यात, असे आवाहन पंतप्रधानांनी 3 एप्रिलच्या सकाळी केले, तेव्हा मी राज्यातल्या विजेची निर्मिती आणि मागणी यांचा मेळ घालणाऱ्या ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रात सकाळच्या पाळीवर होतो. टाळेबंदी लागून जेमतेम दहा दिवस झाले होते. कारखाने, लोकलगाड्या, कार्यालये बंद असल्यामुळे राज्याची विजेची मागणी आधीच इतकी उतरली होती की, एरवी एप्रिलमध्ये जे कोळशाचे वीजनिर्मिती संच एकेका मेगावॅटसाठी ताणून चालवावे लागतात, त्यांतले कितीतरी आम्ही बंद ठेवले होते. आणि जे चालू होते त्यांना आणखी खाली उतरवायला फारशी जागा उरलेली नव्हती. अशा वेळी घरगुती दिव्यांचा भार एका ठोक्याला जाणार आणि नऊ मिनिटांनी तसाच परत येणार, हे ऐकून आमच्या दालनातल्या प्रत्येकाने आधी भिंतीवरच्या फ्रिक्वेन्सीच्या आकड्याकडे पाहिले.

तो आकडा म्हणजे आमच्या कामाचा कणा. ज्या क्षणी जितकी वीज वापरली जाते, त्याच क्षणी तितकीच तयार व्हावी लागते. निर्मिती जास्त झाली की फ्रिक्वेन्सी, म्हणजे वीजप्रवाहाची दर सेकंदाची आवर्तने, 50 हर्ट्झच्या वर सरकते, मागणी जास्त झाली की खाली येते, आणि ती 49.90 ते 50.05 या पट्ट्यात ठेवायची असा दंडक आहे. पट्टा थोडा वेळ सुटला तर आभाळ कोसळत नाही. पण फार सुटला, तर यंत्रे स्वतःला वाचवण्यासाठी एकामागून एक बाहेर पडू लागतात. 30 आणि 31 जुलै 2012 रोजी उत्तर आणि पूर्व भारत अंधारात गेला, तेव्हा आपल्या पश्चिम विभागाचे विजेचे जाळे तगले होते. मात्र 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर-सोलापूर ही वाहिनी जोडली गेल्यापासून साऱ्या देशाचे जाळे एक झाले आहे. लुधियानात मालवलेल्या दिव्याचा हिशेब त्याच सेकंदाला ऐरोलीतही दिसतो. त्यामुळे महाराष्ट्राने आपल्यापुरते सांभाळले की झाले, असे म्हणण्याची सोय नव्हती.

रोज संध्याकाळी मागणी चढते आणि रात्री उतरते. ते आम्हांला नवीन नाही. पण ती चढ-उतार तासाभरात पसरलेली असते. या वेळी देशभरात 12 हजार मेगावॅटच्या पुढेमागे भार दोन-चार मिनिटांत जाईल, असा अंदाज राष्ट्रीय पातळीवर बांधला गेला होता आणि तयारी त्यावर बेतलेली होती.

या तयारीतच मला ते कळले, जे पुस्तकात वाचून वर्षानुवर्षे माहीत होते पण असे अंगावर आले नव्हते. आपल्या देशातली सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज कोळशापासून येते, आणि कोळशाला घाई मानवत नाही. लाकडाची चूल आणि गॅसची शेगडी यांत जो फरक, तोच औष्णिक आणि जलविद्युत संचात. 500 मेगावॅटचा संच पूर्ण भारावर तासाला तीनशे टनांहून अधिक कोळसा खातो. तो कोळसा गिरण्यांतून दळून निघतो, भट्टीत उडतो, बॉयलरच्या नळ्यांतल्या पाण्याची वाफ होते आणि ती वाफ टर्बाइनकडे जाते. या साखळीत इतकी उष्णता अडकलेली असते की, भार कमी करा म्हटल्यावर ती मिनिटाला टक्का-टक्क्याने उतरते. साधारण 55 टक्क्यांच्या खाली गेल्यावर भट्टीतली ज्योत अस्थिर होऊ लागते, आणि तिला आधार देण्यासाठी तेल जाळावे लागते. त्याहून घाई केली आणि संच ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला, तर बॉयलर थंड पडल्यानंतर तो पुन्हा जाळ्यात यायला कित्येक तास लागतात. नऊ मिनिटांनी भार परत येणार असताना असे चार-सहा संच गमावणे म्हणजे पुढच्या अंधाराला स्वतःहून निमंत्रण देणे होते.

पाण्याचे तसे नसते. कोयनेच्या यंत्रांची दारे काही सेकंदांपासून मिनिटा-दोन मिनिटांत मिटतात आणि तशीच उघडतात. बोगद्यातल्या पाण्याचा धक्का सोसण्यासाठी उल्लोळ विहिरी बांधलेल्या आहेतच. कोयनेची एकूण क्षमता 1,960 मेगावॅट, त्यातले 1,000 एकट्या चौथ्या टप्प्याचे, आणि हा टप्पा मुळात ऐन गर्दीच्या वेळची मागणी भागवण्यासाठीच उभारलेला. म्हणून देशभराची योजना अशी ठरली, की संध्याकाळी जलविद्युत जपून ठेवायची, पावणेनऊपासून कोळशाचे संच हळूहळू उतरवत त्यांची जागा पाण्याने भरून काढायची, आणि नऊला लोकांनी दिवे मालवले की ते पाणी झपाट्याने मिटवायचे. पाण्यावरची निर्मिती वर चढवायची ती केवळ खाली पाडता यावी म्हणून. शाळेत कुणी असे उत्तर लिहिले असते तर गुण मिळाले नसते.

त्या दोन दिवसांत लोकांनी आमच्या खात्याविषयी जितकी चर्चा केली तितकी एरवी दहा वर्षांत होत नाही. राज्याच्या ऊर्जामंत्र्यांनी सगळे दिवे एकदम बंद करू नयेत असे जाहीरपणे सांगितले, दिल्लीहून जाळे सक्षम असल्याचा निर्वाळा आला, आणि दोन्हींच्या मधल्या जागेत व्हॉट्सॲपवरचे तज्ज्ञ उभे राहिले. रविवारी दुपारी कराडहून आत्याचा फोन आला.

"अरे, आमच्या कोयनेवरच सगळं आलंय म्हणे. मग आम्ही फ्रिज बंद करायचा का चालू ठेवायचा, तेवढं सांग."

"आत्या, फक्त दिवे मालव. फ्रिज, पंखे, टीव्ही, सगळं चालू राहू दे."

"आणि गल्लीतले दिवे?"

"ते चालूच राहणार आहेत, तू काळजी करू नकोस."

तिला जे सांगितले ते सरकारी सूचनांतही होते, आणि तेवढे जरी सर्वांनी पाळले असते तरी संध्याकाळ बरीच सोपी गेली असती.

सहा वाजल्यापासून सगळ्या केंद्रांवर अनुभवी माणसे बसवलेली होती. रात्री भार गेल्यावर वाहिन्यांवरचा विजेचा दाब वाढतो म्हणून तो खाली ओढणारे रिॲक्टर जोडून ठेवले होते, तो वाढवणारे कपॅसिटर काढले होते. वितरण कंपन्यांना त्या वेळेत एकही फीडर, म्हणजे वस्त्यांना वीज पुरवणारी वाहिनी, उगाच चालू-बंद करू नका असे बजावले होते. कोयनेच्या पोफळीतल्या नियंत्रण कक्षाशी फोनची लाइन उघडी ठेवलेली होती. पावणेनऊनंतर ठरल्याप्रमाणे अदलाबदल सुरू झाली आणि 8.49 ला फ्रिक्वेन्सी 49.70 पर्यंत उतरली. तेवढ्यात पडद्यावरची मागणीची रेघ वाकू लागली. लोकांनी नऊची वाट पाहिलीच नव्हती.

नंतरची वीस मिनिटे मी बोललो कमी आणि आकडे वाचले जास्त. देशाची मागणी नुसती पडत नव्हती, अंदाज ओलांडून पडत होती. बारा हजार गेले, पंधरा गेले, वीस गेले, रेघ थांबेना. पावणेनऊ ते 9.10 या वेळात देशभरात मिळून 31,089 मेगावॅट भार गेला, अंदाजाच्या दुपटीहून जास्त; लोकांनी दिव्यांसोबत बरेच काही बंद केले असणार. त्याच वेळात जलविद्युत 25,559 मेगावॅटवरून 8,016 पर्यंत उतरली, म्हणजे साडेसतरा हजारांचा भार एकट्या पाण्याने अंगावर घेतला. औष्णिक संचांनी सुमारे सात हजार आणि वायू व पवन यांनी मिळून चार हजारांच्या आसपास वाटा उचलला. 9.08 ला फ्रिक्वेन्सी 50.26 वर टेकली आणि तिथून वळली. मग परतीचा प्रवास, जो मला जास्त धोक्याचा वाटत होता, पण 9.27 पर्यंत पाणी पुन्हा 19 हजारांवर आले होते. पोफळीच्या सहकाऱ्याने फोनवर फक्त "आली सगळी यंत्रं" एवढेच सांगितले. देशात कुठेही जाळे कोलमडले नाही.

ही बातमी दुसऱ्या दिवशी अभिमानाची झाली, आणि ते योग्यच होते. मला मात्र त्या आकड्यांतला एक भाग अजून खुपतो. देशातल्या विजेचा जेमतेम दशांश हिस्सा देणाऱ्या पाण्याने त्या रात्री निम्म्याहून जास्त काम केले, आणि सिंहाचा वाटा देणारा कोळसा सात हजारांवर थांबला. कोळशाच्या विजेच्या एका युनिटमागे किलोभराच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हे आपण नेहमी मांडतो. तो कमी करायचा तर सौर आणि पवन वाढवायची, हेही. पण सूर्य रोज संध्याकाळी आमच्याशी 5 एप्रिलचाच खेळ खेळतो, फक्त थोडा सावकाश. सहा-सातच्या सुमारास सौरवीज शून्यावर जाते, त्याच वेळी घरे उजळू लागतात, आणि मधली दरी कुणीतरी झपाट्याने भरावी लागते. कोळशाला ते जमत नाही म्हणून त्याचे संच दुपारीही 55 टक्क्यांवर जिवंत ठेवावे लागतात, आणि अर्ध्या भारावर तो प्रत्येक युनिटमागे कोळसाही जास्त खातो.

त्या एप्रिलमध्ये जालंधरहून धौलाधारची शिखरे दिसल्याची छायाचित्रे फिरत होती आणि निसर्ग सावरला असे अनेक सुशिक्षित मंडळीही लिहीत होती. धूळ आणि धूर काही दिवसांत खाली बसतात. कार्बन डायऑक्साइड शतकानुशतके राहतो. हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेने मे 2020 मध्ये 417 पीपीएमची, म्हणजे हवेच्या दर दहा लाख भागांत 417 भाग कार्बन डायऑक्साइडची, नोंद केली, तोवरची सर्वांत वरची. औद्योगिक युगापूर्वी हा आकडा 280 च्या घरात होता.

पाण्यावर विसंबावे तर पाण्यालाही मर्यादा आहेत. पश्चिमेकडे वळवायचे कोयनेचे पाणी कृष्णा पाणीवाटप लवादाच्या निवाड्याने वर्षाला 67.5 टीएमसीपुरते (अब्ज घनफूट) बांधलेले आहे, आणि एप्रिल-मे आला की आम्ही उरलेल्या टीएमसीचा हिशेब घरखर्चाइतक्या काटकसरीने करतो. शिवाय पाऊस दगा देतो तेव्हा तो कोळशालाही सोडत नाही: 2015 च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे औष्णिक केंद्र बंद ठेवावे लागले होते. राज्यात घाटघरला 250 मेगावॅटचा उदंचन प्रकल्प आहे, जो स्वस्त वेळी पाणी वर चढवतो आणि महाग वेळी खाली सोडतो. आपल्याला लागेल तितक्या क्षमतेपुढे तो चिमूटभर आहे. माझ्या मते नव्या सौर प्रकल्पाच्या प्रत्येक घोषणेबरोबर संध्याकाळी त्याची जागा कोण घेणार, हे त्याच कागदावर लिहिणे सक्तीचे करावे.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने 2023 मध्ये कोळशाचे संच टप्प्याटप्प्याने 40 टक्क्यांपर्यंत उतरवता आले पाहिजेत असा नियम केला. विदर्भातल्या एका केंद्रात बॉयलरवर काम करणारा माझा जुना वर्गमित्र त्यावर वैतागून सांगतो, की इतक्या राखेच्या कोळशावर ज्योत टिकवायची म्हणजे तेल आले, आणि रोज तापणे-निवणे म्हणजे नळ्यांना तडे आले. त्याचे म्हणणे खोटे नाही. दुपारी एकला त्याचा संच किमान भारावर आणि संध्याकाळी सातला पूर्ण भारावर, हे वेळापत्रक त्याला आता आम्हीच रोज पाठवतो.